मुलीचा वाटा : 'हिंदू लॉ' आणि 'मुस्लिम लॉ' ही पुस्तके कशी घडली

कायद्याच्या अभ्यासाला सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा जी पुस्तके पडतात, त्यांत कराराचा कायदा असतो, अपकृत्याचा असतो, गुन्ह्यांचा असतो, संविधान असते आणि फॅमिली लॉ म्हणजे कौटुंबिक कायदाही असतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार फॅमिली लॉ हा दोन भागांत शिकवायचा सक्तीचा विषय आहे. या सगळ्या पुस्तकांमध्ये तो एकटाच वेगळा पडतो. १८७२चा करार कायदा विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा धर्म विचारत नाही. गुन्ह्यांचा कायदा, मग ती १८६०ची दंडसंहिता असो की १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता, चोर कोणत्या घरात जन्मला हे पाहत नाही. फॅमिली लॉचे पुस्तक उघडले की मात्र पहिलाच प्रश्न येतो : तुम्ही कोण? हिंदू असाल तर हे प्रकरण, मुसलमान असाल तर ते.

यातून विद्यार्थ्याच्या मनात एक चित्र तयार होते. एकीकडे वेदकाळापासून वाहत आलेला हिंदू कायदा आणि दुसरीकडे सातव्या शतकात अरबस्तानात पूर्ण झालेला मुस्लिम कायदा. दोन नद्या, ज्यांचे पाणी कधी एकमेकांत मिसळले नाही. मग मुसलमान मुलगा मिताक्षरा गुणांसाठी पाठ करतो, हिंदू मुलगी मेहर आणि इद्दत गुणांसाठी पाठ करते आणि परीक्षा संपली की दोघेही ते विसरून जातात. बाहेरच्या जगात चर्चा निघाली की एक जण म्हणतो, आमचा कायदा सुधारला, तुमचा नाही. दुसरा म्हणतो, आमचा कायदा अल्लाहचा आहे, त्याला माणसाचा हात लागलेला नाही. इतिहास पाहिला तर ही दोन्ही वाक्ये अपुरी ठरतात. एकच धागा धरून हा इतिहास पाहू या. तो धागा म्हणजे बापाच्या मिळकतीत मुलीचा वाटा.

कचेरीत झालेली वाटणी

इंग्रजांच्या आधी महाराष्ट्रात वतनाचा किंवा वारशाचा तंटा उभा राहिला, तर तो गोतसभेपुढे किंवा मजलिसीपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार बसत. ठाण्याच्या मजलिसीत काझीही असे. निवाड्याच्या कागदाला 'महजर' म्हणत. शब्द अरबी, मजकूर मराठी आणि खाली गावच्या लोकांच्या निशाण्या. शास्त्राला मान होता, शरियतलाही होता. पण गावात पूर्वापार काय चालत आले आहे, याचे वजन मोठे असे.

१७७२ साली बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जने न्यायव्यवस्थेची नवी योजना आखली. तिच्यात एक नियम होता : वारसा, विवाह, जात आणि धार्मिक प्रथा या बाबतींत मुसलमानांना कुरआनचा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावावा. आजच्या फॅमिली लॉच्या पुस्तकातली अनुक्रमणिका त्या एका नियमातून निघाली आहे. कौटुंबिक बाबी धर्माच्या आणि बाकीच्या सरकारच्या, ही विभागणी कोणत्याही मौलवीने वा शास्त्र्याने मागितलेली नव्हती.

आता इंग्रज न्यायाधीशाला संस्कृत येत नव्हते, अरबीही येत नव्हते. म्हणून पुस्तके तयार करण्यात आली. अकरा पंडितांनी मिळून संस्कृतात एक संग्रह केला, त्याचे फारसी भाषांतर झाले आणि फारसीवरून हॅल्हेडने १७७६ साली इंग्रजी केले. बाराव्या शतकातल्या मरगिनानी यांचा 'हिदाया' हा हनफी ग्रंथ याच वाटेने गेला : अरबीतून फारसीत, फारसीतून १७९१ साली हॅमिल्टनच्या इंग्रजीत. मुसलमानांचा वारसा सांगणारी 'सिराजिया' विल्यम जोन्सने १७९२ साली इंग्रजीत आणली. 'दायभाग' आणि 'मिताक्षरा' यांतले वारशाचे भाग कोलब्रुकने १८१० साली दिले. न्यायालयात पंडित आणि काझी सल्ल्यासाठी बसत. १८६४ साली तीही पदे रद्द झाली. भाषांतरे आणि आधीचे निकाल वाचून आपण निवाडा करू शकतो, असे सरकारला वाटू लागले होते.

यात एक मोठे नुकसान झाले. मदरशात 'हिदाया' शिकणारा विद्यार्थी मतभेद शिकत असे. इमाम अबू हनीफा काय म्हणतात, त्यांचे शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद कुठे वेगळे जातात, मालिकी आणि शाफिई काय म्हणतात. शास्त्रीही टीकाकारांची मते ताडून पाहत. न्यायालयात आल्यावर या जिवंत वादाचे कलम झाले.

मुंबई इलाख्याची वेगळी वाट

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनने थोडा वेगळा विचार केला. १८२७च्या चौथ्या रेग्युलेशनने क्रम ठरवून दिला : आधी सरकारचे कायदे, ते नसतील तर मुलखाची रूढी, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्‌विवेक. त्याच वर्षी आर्थर स्टील याने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीतींचा मोठा संग्रह छापला. इथे ग्रंथाच्या आधी रूढीचा मान होता.

ग्रंथांच्या बाबतीतही मुंबईची तऱ्हा वेगळी होती. मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारचा. ते गाव आज कर्नाटकातले बसवकल्याण. दुसरा मान्य ग्रंथ 'व्यवहारमयूख'. तो सतराव्या शतकात काशीत नीलकंठ भट्टांनी लिहिला, पण हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० साली त्याचे इंग्रजी भाषांतर केले. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूखाला विशेष मान आणि बाकी महाराष्ट्रात मिताक्षरेला. बायकांच्या बाबतीत मुंबईची ही परंपरा इतर प्रांतांहून उदार होती. मुलगा नसेल आणि मिळकत मुलीकडे आली, तर ती पूर्ण मालकीने येई. दुसरीकडे तिला बहुधा हयातीपुरताच हक्क असे. म्हणजे 'हिंदू कायदा' हाही एक नव्हता. तो प्रांताप्रांताने बदलत होता.

पण मुलगा असेल तर? तर मुंबईतही मुलीला वाटा नव्हता. पोषण आणि लग्नाचा खर्च, एवढेच.

१८४७ : मुसलमान मुली हरल्या

आता या इतिहासातला सगळ्यात बोलका खटला. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन समाजातले वारशाचे दावे आले. त्यांतला खोजांचा दावा 'हिरबाई विरुद्ध सोनबाई' या नावाने ओळखला जातो. मुलींचे म्हणणे सरळ होते : आम्ही मुसलमान आहोत, कुरआनने बापाच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, तो आम्हाला द्या. समाजातल्या पुरुषांचे म्हणणे होते की आमच्यात पूर्वापार हिंदूंसारखीच चाल आहे. मुलींना वारसा मिळत नाही.

पेरी यांनी रूढीच्या बाजूने निकाल दिला. त्यांचा तर्क असा की मुसलमानांचा कायदा राखण्याचे जे आश्वासन होते, ते कुरआनचा मजकूर लागू करण्यासाठी नव्हते. लोकांच्या चालू असलेल्या प्रथा मोडू नयेत यासाठी होते. मुली हरल्या. कुरआन हाती धरून आलेल्या मुसलमान मुलींचा हिस्सा रूढीच्या नावाने गेला आणि ती रूढी त्यांच्याच समाजातल्या पुरुषांनी कोर्टात सिद्ध केली.

या निकालाचा कायद्याच्या विद्यार्थ्यांशी आणखी एक संबंध आहे. १८५५ साली मुंबईत कायद्याचे शिक्षण सुरू झाले, ते याच पेरी यांच्या नावाच्या अध्यासनातून. त्यातूनच पुढे गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज उभे राहिले.

जे गेले त्याबद्दल कोणी बोलत नाही

'मुस्लिम लॉ' या नावाखाली आज विवाह, तलाक, मेहर, वारसा, हिबा, वक्फ एवढेच येते. पण कंपनीच्या काळात बंगालमध्ये गुन्ह्यांचा कायदाही इस्लामी होता. कंपनीने त्यात तुकड्यातुकड्याने बदल केले. मग १८६०ची दंडसंहिता आली आणि तो कायदा संपला. १८७२च्या पुरावा कायद्याने साक्षीचे जुने नियमही गेले. शरियतचा एवढा मोठा भाग माणसांनी केलेल्या कायद्याने बाजूला सारला आणि ते आपल्या सवयीचे झाले.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. आपल्या मुलाबाळांच्या निर्वाहासाठी केलेला वक्फ फिक्हमध्ये पूर्वापार मान्य होता. १८९४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा एक वक्फ अवैध ठरवला. मौलाना शिबली नोमानींसारख्या उलेमांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि बॅ. जिना यांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३चा कायदा होऊन तो हक्क परत मिळाला. फिक्हमधली गोष्ट न्यायाधीशाने बदलली आणि विधिमंडळाने परत आणली. 'मुस्लिम लॉ'ला माणसाचा हात लागलेला नाही, असे म्हणणाऱ्याने हे प्रकरण एकदा वाचावे.

पुस्तके लिहिणारी माणसे

विद्यार्थी आजही 'मुल्ला' वाचतात. नावावरून अनेकांना वाटते की हे कोणी मौलवी असावेत. सर दिनशा फर्दूनजी मुल्ला हे मुंबईचे पारशी. त्यांनी मुसलमानी कायद्यावर पुस्तक लिहिले आणि १९१२ साली हिंदू कायद्यावरही लिहिले. दोन्ही समाजांचा कायदा कलमवार मांडून देणारा माणूस दोन्ही समाजांबाहेरचा होता आणि दोन्ही समाजांच्या वकिलांनी त्याला प्रमाण मानले. बद्रुद्दीन तय्यबजींचे पुत्र फैज तय्यबजी यांचा ग्रंथ १९१३ साली आला. माथेरानला जन्मलेले आसफ अली असगर फैजी यांचे पुस्तक १९४९चे. मुस्लिम कायदा इतिहासासकट समजून घ्यायचा असेल तर ते अजूनही उपयोगी आहे.

गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजच्या प्राचार्यपदी १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. १९३८पासून त्याच खुर्चीवर फैजी होते. हिंदू कायद्याला नवे रूप देऊ पाहणारा आणि मुस्लिम कायद्याचा सगळ्यात मोठा आधुनिक अभ्यासक, असे दोघेही मुंबईतल्या एकाच कॉलेजचे प्राचार्य होते.

१९३७ : एकाच वर्षी दोन कायदे

१९३७ साली दिल्लीच्या विधिमंडळात दोन कायदे झाले. एक डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने झालेला हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, पण हयातीपुरता. मुलीला त्यात जागा नव्हती. दुसरा शरियत कायदा. त्याने वारसा, विवाह, मेहर, पोटगी अशा बाबतींत रूढी बाजूला सारून मुसलमानांना शरियतचा कायदा लावला. पेरींचा नव्वद वर्षांपूर्वीचा निकाल इथे निष्प्रभ झाला. खोजा मुलींना त्यांचा हिस्सा मिळाला. कच्छी मेमनांसाठी १९३८ साली वेगळा कायदा झाला. पण शरियत कायद्यातही एक फट ठेवली गेली : शेतजमिनीचा प्रश्न त्यातून वगळला. ज्या देशात बहुतेकांची मिळकत म्हणजे शेतजमीन, तिथे ही फट लहान नव्हती.

दोनच वर्षांनी, १९३९ साली, मुसलमान स्त्रीला कोर्टाकडून फस्ख मागण्याचा कायदा झाला. हनफी मतानुसार बेपत्ता किंवा जाच करणाऱ्या नवऱ्यापासून सुटणे बाईला जवळजवळ अशक्य होते. काही स्त्रिया सुटकेसाठी धर्म सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अश्रफ अली थानवींसारख्या कर्मठ आलिमाने मालिकी मताचा आधार घेता येतो असे दाखवून दिले आणि त्या मतावर कायदा उभा राहिला. परंपरेच्या आतूनच वाट काढली गेली.

हिंदू कोडाची लढाई

हिंदू कायदाही आपोआप सुधारला नाही. १९४१ साली बी. एन. राव समिती नेमली गेली. तिच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा होता. हे मुसलमानांचे अनुकरण आहे, असाही आक्षेप तेव्हा घेतला गेला. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीने १९४८ साली तो हिस्सा मुलाच्या बरोबरीचा केला. विरोध इतका झाला की विधेयक रखडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे विवाहाचा कायदा १९५५ साली आणि वारसा, अज्ञान पालकत्व, दत्तक व पोटगी यांचे कायदे १९५६ साली झाले.

१९५६च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलाइतका वाटा दिला. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून मुलींनाही तो हक्क दिला, पण तोवर लग्न न झालेल्या मुलींनाच. ९ सप्टेंबर २००५ला केंद्राने सर्व हिंदू मुलींना तो दिला. तो नक्की कोणाला लागू, यावर पंधरा वर्षे उलटसुलट निकाल येत राहिले. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात सांगितले की हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही.

बत्तीस गुंठ्यांचा हिशेब

हे सगळे एका उदाहरणात पाहू. गावठाणात एका माणसाची ३२ गुंठे जागा आहे. तो मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली.

१९३६ साली तो हिंदू असता, तर ३२ही गुंठे मुलाचे. मुंबईतला खोजा असता तरी ३२ही गुंठे मुलाचे. इथे दोन्ही समाज अगदी एक होते. त्याच वर्षी शरियत पाळणाऱ्या हनफी घरात पत्नीला अष्टमांश म्हणजे ४ गुंठे, मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७. आज तो माणूस हिंदू असेल आणि जागा त्याच्या स्वकष्टाची असेल, तर चौघांना प्रत्येकी ८. मुसलमान असेल तर अजूनही ४, १४, ७, ७.

या आकड्यांकडे प्रामाणिकपणे पाहायला हवे. हिंदू मुलीच्या हाती शून्य होते, तेव्हा कुरआनने मुसलमान मुलीला ७ गुंठे ठरवून दिले होते. सातव्या शतकापासून ही तरतूद लिहिलेली आहे आणि तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. त्याच प्रामाणिकपणे हेही म्हणावे लागते की आज ८ आणि ७ यांची तुलना करणारी मुसलमान मुलगी जेव्हा भावाच्या १४कडे बोट दाखवते, तेव्हा तिला फक्त इतिहास सांगून गप्प करता येणार नाही. नवऱ्यावर पोषणाची जबाबदारी आणि मेहरचा हक्क, हे उत्तर फिक्हमध्ये आहे. पण मेहर नावापुरता ठेवायचा, पोषण टाळायचे आणि फक्त १४ गुंठ्यांचा नियम काटेकोर पाळायचा, असे चालले तर ते उत्तर पोकळ होते.

आणि प्रत्यक्षात मुलीला ८ मिळतात का? ७ तरी मिळतात का? महाराष्ट्रात हिंदू असो की मुसलमान, बाप गेल्यावर बहिणींसमोर एक कागद येतो : हक्कसोड पत्र. भावाशी नाते टिकवायचे, माहेर राहू द्यायचे, म्हणून ती सही करते. सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर भावांची नावे राहतात. मुस्लिम कायद्याचा साधारण नियम असा की बाप हयात असताना वारसाला हिस्सा मिळतच नाही, म्हणून त्या काळात लिहून दिलेले हक्कसोडही ग्राह्य नसते. हे किती घरांत माहीत आहे? जमातीच्या बैठकीत शरियत वाचवण्याचे भाषण करणाऱ्याने एकदा आपल्या बहिणीचे ७ गुंठे कुठे आहेत, हे सांगावे. समान नागरी कायद्याच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्यानेही आपल्या बहिणीचे ८ कुठे आहेत, ते सांगावे.

१८४७ साली त्या मुली कोर्टात हरल्या, कारण रूढी पुस्तकापेक्षा बलवान ठरली. आज पुस्तके त्यांच्या बाजूने आहेत. रूढी मात्र अजून हटलेली नाही. तिने फक्त स्टॅम्प पेपर घेतला आहे.

फॅमिली लॉचे पुस्तक हाती घेणाऱ्या मुलामुलींनी म्हणूनच दोन्ही प्रकरणे सारख्याच लक्षाने वाचावीत. दुसऱ्याचे प्रकरण वाचले की आपले नीट कळते. कायदा कोणी, कधी, कशासाठी बदलला हे माहीत असले की 'कधीच बदललेला नाही' आणि 'तुमचा कधी बदलणारच नाही' या दोन्ही भीती कमी होतात. आणि उद्या वकील झाल्यावर एखादी बहीण भावाने पुढे केलेला कागद घेऊन आली, तर सही करण्याआधी तिला तिचा आकडा सांगता यावा. एवढे झाले तरी त्या विषयात मिळवलेल्या गुणांचे चीज होईल.